केंद्रावर व्हीलचेअर होती, फाटकाच्या आत

घरबसल्या मतदानाची वयोमर्यादा आधी 80 होती, 2024 मध्ये 85 केली. आमची आई तेव्हा 83 ची. दोन्ही गुडघे गेलेत, पण ज्यावर घरून मतदान मिळतं तो 40 टक्के अपंगत्वाचा दाखला काढायचं नाव काढलं की "मी काय पांगळी आहे का?" म्हणून विषय बंद. त्यामुळे 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला तिला केंद्रावर नेणं आलं. आदल्या दिवशी 1950 या मतदार हेल्पलाइनला फोन केला. "केंद्रावर व्हीलचेअर असेल," असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. कुठपर्यंत असेल, एवढं विचारायचं माझ्याकडून राहिलं.

रिक्षा बॅरिकेडपाशी अडवली. दोनशे मीटरच्या आत खासगी गाडी नाही. मी आईकडे बोट दाखवलं, पोलीसदादांनी पाटीकडे. समोरच्या शिंप्याने स्टूल दिलं, आईला तिथे बसवून मी शाळेत पळालो. दारातच व्हीलचेअर, नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. शेजारी रॅम्प, कठड्यासकट. खुर्चीपाशी बसलेले गृहस्थ म्हणाले, "मतदाराला घेऊन या, मग देतो." म्हटलं, चालता येत असतं तर खुर्ची कशाला मागितली असती? "ती आवाराबाहेर नेता येत नाही." लेखी दाखवा म्हटलं, तर साहेबांना विचारा. साहेब आत, मतदान चालू, आणि माझा नंबर रांगेत शेवटचा. फोन करावा तर मोबाइल आत चालत नाही म्हणून तो शिंप्याकडे ठेवलेला. पाऊण तास मी फाटक ते स्टूल अशा येरझाऱ्या घातल्या. आई मात्र शिंप्याला ब्लाउजच्या गळ्यांबद्दल सल्ले देत होती.

सुटका केली बीएलओताईंनी, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी. फाटकाबाहेर मतदार यादी घेऊन बसलेल्या त्याच. आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं. त्यांनी दोन स्वयंसेवक पोरांना नुसती हाक मारली, "आजींना आणा रे." खुर्ची निघाली.

पुढचं पाच मिनिटांत झालं. ज्येष्ठांना रांग नसते. बटण दाबायला सोबती घेता येतो, पण तो दृष्टी नसलेल्यांसाठी किंवा ज्यांना स्वतःला दाबणं जमत नाही त्यांच्यासाठी. मी पुढे सरकलो तर आईच म्हणाली, "तू लांब उभा राहा."

हो, घरी 85 च्या पुढचं किंवा दाखला असलेलं कुणी असेल तर घरून मतदानासाठीचा 12-डी फॉर्म निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. त्या वेळी अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली होती, म्हणजे ऐन दिवाळीच्या साफसफाईत. आणि घरून मतदान मंजूर झालं की मग केंद्रावर जाऊन करता येत नाही.

परतताना कुणालाच नियम आठवला नाही. पोरांनी खुर्ची थेट रिक्षापर्यंत आणली.