विंचू एक, उपचार दोन

बीडमधल्या मुलांच्या आयसीयूत मी नर्सिंग शिकले, आता लातूरला आहे. विंचू तोच लाल, मूलही तसंच घामानं डबडबलेलं, हातपाय गार. औषधाचा क्रम मात्र वेगळा.

बीडला आधी प्राझोसिन, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध: वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. हे इंजेक्शन नाही, गोळी. दहा किलोच्या पोराला १ मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं ३ मिली नळीतून द्यायचं. (हळूहळू सुटणारी एक्सएल गोळी कुटायची नसते, हे नव्या पोरींना मी दहादा सांगते.) मग आडवंच ठेवायचं, कारण पहिल्या डोसनंतर बीपी धाडकन उतरू शकतो.

लातूरला विंचवाची लसही (म्हणजे विष मारणारं प्रतिविष) लगेच लावतात. सरांचं म्हणणं, विष फिरतंय तोवरच तिचा उपयोग. प्राझोसिन मूळ आपल्याच मातीतल्या, जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला रुजवलं. त्यांच्याच २०११च्या अभ्यासात नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस अन् प्राझोसिन मिळून रुग्ण लवकर सावरले. मला लातूरची पद्धत पटते, पण लस हाताशी असेल तरच ना! बीडला ती कधी असायची, कधी नसायची.

फुफ्फुसात पाणी भरलेलं पोर आलं, की मात्र दोन्हीकडे डोब्युटामिनचा (हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा) पंप लागतोच. रेफर चिठ्ठीवर प्राझोसिनची वेळ लिहा हो, एवढंच गावाकडच्या डॉक्टरांना सांगणं. नाहीतर पुढचा डोस कधीचा, ते आम्ही आईला विचारत बसतो.