झाओशिंगला दोन रात्री: ग्वेइझोऊच्या डोंग गावात आम्ही आठ जण

आमचा पहिला बेत दोन दिवसांत चार ठिकाणांचा होता: झाओशिंग, वरचं थांगआन, बाशा हे म्याव लोकांचं गाव आणि परतताना सानच्यांगचा प्रसिद्ध लाकडी पूल. चीनमधल्या ग्वांगझाऊच्या वसतिगृहात स्वयंपाकघराच्या टेबलावर मोबाइल मधे ठेवून आम्ही आठ जण बसलो होतो. सगळे विद्यापीठात एका सत्रासाठी शिकायला आलेले, सहा देशांचे. कोणती बस किती वाजता, हे मी कागदावर मांडत होते. व्हिएतनामची मैत्रीण बराच वेळ ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि गावात बसायचं कधी?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही दोन नावं खोडली आणि झाओशिंग ठेवलं. थांगआन त्याच्याच डोंगरावर असल्यामुळे ते आपोआप राहिलं. तुम्हीही एकच गाव निवडा. पुढचं सगळं वर्णन त्या निर्णयामुळेच शक्य झालं.

झाओशिंग हे ग्वेइझोऊ प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातलं, डोंग या चीनमधल्या अल्पसंख्याक लोकांचं मोठं गाव, हजाराच्या आसपास घरांचं. डोंगरांच्या मधे एक ओढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची, कौलारू घरं. 2014 च्या डिसेंबरमध्ये ग्वेइयांग ते ग्वांगझाऊ हा 857 किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला आणि शनिवार-रविवारात इथे जाऊन येणं शक्य झालं. ग्वांगझाऊ दक्षिण स्थानकापासून साडेतीन तासांच्या आसपास लागतात. वाटेत ग्वेइलिनच्या आधी-नंतर चुनखडीचे ते सुळके दिसतात, पुढे मात्र बोगद्यांमागून बोगदे.

आता नावांचा घोळ समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. उतरायचं स्थानक त्सोंगच्यांग. पण त्सोंगच्यांग हे तालुक्याचं शहर स्थानकापासून बरंच लांब आहे, आणि झाओशिंग मुळात त्या तालुक्यात नाहीच, ते शेजारच्या लिपिंग तालुक्यात येतं. म्हणून "त्सोंगच्यांगमध्ये हॉटेल" असं शोधू नका. स्थानकाबाहेर झाओशिंगला जाणारी बस मिळते आणि अंतर थोडंच आहे. आम्ही शुक्रवारी दुपारचा तास संपवून निघालो, त्यामुळे रात्री उशिरा पोचलो. बस मिळणार नाही हे धरून, ज्या घरी राहणार होतो त्यांनाच गाडी पाठवायला सांगितलं होतं. आठ जणांना दोन गाड्या लागल्या.

तिकिटाबद्दल मराठी मुलामुलींना खास सांगायचं आहे. रेल्वेच्या 12306 या ॲपवर तिकिटं 15 दिवस आधी सुटतात. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नावही असतं. मी तिकीट काढताना नुसतं माझं नाव आणि आडनाव भरलं. स्थानकावर माणूस तपासतो त्या रांगेत मला बाजूला उभं केलं गेलं, खिडकीवर जाऊन नाव जुळवून घ्यावं लागलं, आणि गाडी सुटायला अकरा मिनिटं असताना मी फलाटावर पोचले. पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट, शब्दांमधली मोकळी जागा न चुकवता भरा. ॲपवर परदेशी पासपोर्टची पडताळणी व्हायलाही वेळ लागतो, ती आठवडाभर आधी उरकून ठेवा. जायचं आणि यायचं तिकीट एकदमच काढा. रविवार संध्याकाळच्या गाड्या लवकर भरतात.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहा. 1 ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळा, तेव्हा अख्खा देश प्रवासात असतो. आणि त्या सुट्टीची भरपाई म्हणून आगेमागे एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस होतो, कॉलेजचे तासही त्या दिवशी होतात. आम्ही ऑक्टोबरचा तिसरा आठवडा घेतला. तुमचा पासपोर्ट निवासपरवान्यासाठी पोलिसांकडे जमा असेल, तर तो हातात येईपर्यंत बेतच करू नका. वसतिगृहात बाहेर राहत असल्याचं लेखी कळवा. आमच्या कार्यालयाने ते मागितलं होतं.

राहण्याच्या जागेवरून आम्हाला एक धक्का बसला. आधी ठरवलेल्या घरमालकांनी निघायच्या आदल्या दिवशी कळवलं की परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद कशी करायची ते त्यांना माहीत नाही. परदेशी माणूस कुठेही मुक्कामाला राहिला की 24 तासांच्या आत त्याची नोंद व्हावी लागते. हॉटेल ते स्वतः करतं, खासगी घरात राहिलात तर जबाबदारी तुमची. शेवटी दुसरं घर मिळालं, तिथल्या ताईंनी आठही पासपोर्टांचे फोटो काढून दहा मिनिटांत नोंद केली. आरक्षण करताना पहिलाच प्रश्न हा विचारा आणि उत्तर लिखित घ्या.

घर पूर्ण लाकडाचं. वरच्या मजल्यावर कुणी कूस बदलली तरी खाली कळतं, आणि कोंबडे पाचच्या आधी सुरू होतात. आगीची या गावांना फार भीती असते, आणि का ते आत शिरल्यावर कळतं: एका घराची पागोळी दुसऱ्याच्या अंगणात पडावी इतकी घरं जवळ. खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, पाणी तापवायची कॉइल असलं काही लावू नका.

शनिवारी सकाळी बाहेर पडलो तेव्हा धुकं छपरांपर्यंत उतरलं होतं आणि त्यातून नगारखान्यांचे मनोरे वर आले होते. झाओशिंगमध्ये असे पाच मनोरे आहेत. गावातले सगळे बाहेरच्या जगासाठी 'लू' आडनावाचे, पण आत पाच वाड्या आहेत आणि प्रत्येक वाडीचा आपला नगारखाना, आपला छपराचा पूल आणि आपला नाटकाचा मंच. वाड्यांची नावं कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांवरून आहेत: रन, यी, ली, झ, शिन. म्हणजे करुणा, न्याय, रीत, शहाणपण आणि विश्वास. मनोरे 'चिनी फर' म्हणतात त्या झाडाच्या लाकडाचे, खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, खिळा न वापरता. छपरांचे थर नेहमी विषम संख्येत.

आपल्याकडची चावडी आठवा म्हणजे नगारखाना समजेल. पूर्वी संकट आलं की वर टांगलेला नगारा वाजायचा. आता मधल्या चुलाण्याभोवती म्हातारे बसलेले असतात, पत्ते खेळत, विडी ओढत. आम्ही आठही जण एकदम आत शिरलो आणि गप्पा थांबल्या. ते मला लागलं. त्यानंतर आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि जेवायलाच एकत्र यायचं ठरवलं. दुपारी आम्ही दोघी परत तिथे गेलो तेव्हा एका आजोबांनी बाक सरकवून जागा दिली. मोठा गट असेल तर ही फाटाफूट कराच, गावाचं वागणं लगेच बदलतं.

भाषेबद्दल. आमच्यातले तिघे बऱ्यापैकी चिनी बोलतात, पण गावातल्या म्हाताऱ्या बायांना त्या चिनीचा फारसा उपयोग नाही. त्या डोंग बोलतात, आणि स्वतःला 'कम' म्हणवतात. ही भाषा चिनीपेक्षा थाई भाषेच्या कुळाजवळची. तिला परंपरेने लिपी नव्हती, रोमन अक्षरांवरची लिपी 1958 साली तयार झाली. मोबाइलचं भाषांतर इथे थांबतं. एका अंगणात आजी नीळ घातलेल्या रांजणातून कापड वर काढत होत्या, हात कोपरापर्यंत निळे. मी हातानेच विचारलं, त्यांनी हातानेच सांगितलं. पुन्हा पुन्हा बुडवायचं, वाळवायचं, अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि दगडावर लाकडी हातोड्याने कुटत राहायचं. शेवटी ते कापड जांभळट आणि धातूसारखं चकाकतं. गावात कुठूनतरी सतत धप्-धप् ऐकू येतं ते हेच. धोपाटण्याच्या आवाजाची मला इतकी सवय होती की पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी ओढ्यावर कपडे धूत आहे.

दुपारी थांगआनला चढलो. बॅटरीच्या गाड्या वर जातात. आमचा सल्ला: वर गाडीने जा आणि उतरताना खाचरांच्या बांधावरून चालत या. पायऱ्या दगडी आणि धुक्याने निसरड्या असतात, तळ चांगला असलेले बूट हवेत. पुरेसा उजेड असताना निघा.

त्या उतरणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मी कुडाळची, भाताच्या घरची. इथे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापून भात केला आहे. काही खाचरांत कापणी झाली होती, काही पिवळी उभी होती, आणि कापलेल्या खाचरांत पाणी तसंच होतं. पाण्यात बदकं. शेजारच्या त्सोंगच्यांग तालुक्यातल्या भात-मासे-बदक शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. लावणी झाली की खाचरात कार्प माशांची पिल्लं सोडतात. ती थोडी मोठी झाली की बदकं सोडतात, आधी सोडली तर बदकं पिल्लं खातील. मासे आणि बदकं तण नि किडे खातात, चिखल ढवळतात, त्यांची विष्ठा खत होते. कापणीला पाणी काढलं की मासे हाताने धरायचे. कोकणात पहिल्या पावसात मासे आपणहून चढणीला लागतात आणि शेतात येतात, पोरं कंदील घेऊन धावतात. इथे तोच मासा पीक म्हणून लावलेला. एका बांधावर काका टोपलीत मासे भरत होते. मी वाकून पाहिलं तर त्यांनी एक मासा माझ्या हातात दिला. थंडगार आणि जोरात वळवळणारा.

जेवणाकडे वळू. मुख्य अन्न चिकट तांदळाचा भात, आणि तो रीतीप्रमाणे हाताने मुठीत दाबून खातात. महिनाभर काड्यांनी खाल्ल्यावर त्या घासाने मला फार बरं वाटलं. दुसरी गोष्ट आंबट. ग्वेइझोऊत म्हण आहे की तीन दिवस आंबट खाल्लं नाही तर चालताना झोकांड्या जातात. मडक्यात मुरवलेला मासा चवीला तीव्र असतो, एक तुकडा घेऊन पाहा. न्याहारीला तेल-चहा: चहाची पानं तेलात परतून केलेलं कढत पाणी आणि वर तांदळाच्या लाह्या, शेंगदाणे. तो चुकवू नका.

शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, हे आधी सांगा. पण भाजीही डुकराच्या चरबीत परततात, म्हणून तेलाबद्दल वेगळं विचारा. आमच्यातल्या शाकाहारी मुलीने चिनीत तीन ओळी लिहिलेली चिठ्ठी मालकीणबाईंना दाखवली आणि तिला भोपळा, टोफू, रताळ्याचे कोंब मिळाले. गोमांस न खाणाऱ्यांनी 'न्यूब्ये' हा शब्द लक्षात ठेवा. गाईच्या पोटातल्या अर्धवट पचलेल्या चाऱ्याच्या रसात शिजवलेलं मांस असतं ते, आणि पाहुण्याला मानाने देतात.

पैशाचं थोडक्यात: अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे द्यायच्या ॲपना परदेशी कार्ड जोडता येतं. 200 युआनच्या आतल्या व्यवहाराला अलीपे शुल्क लावत नाही, वरच्याला 3 टक्के लागतं, म्हणून आठ जणांचं बिल एकाने भरू नका. भारतीय कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. आणि सुट्ट्या नोटा जवळ असू द्या. रस्त्यावर संत्री विकणाऱ्या आजींकडे मोबाइल असतोच असं नाही. नकाशाला गाओद ॲप वापरा. गावाला प्रवेश-तिकीट आहे, विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवून सवलत विचारा. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या. कॅमेरा दाखवून भुवया उंचावल्या तरी पुरतं.

शनिवारी संध्याकाळी चौकात पर्यटकांसाठी गाण्याचा कार्यक्रम होता, तोही चांगला. डोंग महागायन, त्यांच्या बोलीत 'गा लाओ', 2009 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. वाद्य नाही, हातवारे करून ताल देणारा कुणी नाही. एक गट खालचा सूर धरून ठेवतो, श्वास आळीपाळीने घेतात म्हणून तो तुटत नाही, आणि वर एक-दोन आवाज फिरत राहतात. भात शरीर पोसतो, गाणं मन पोसतं, असं तिथे म्हणतात.

पण रविवारी सकाळी आम्हाला घाई नव्हती. पुढचं गाव गाठायचं नव्हतं. छपराच्या पुलावर बसलो होतो, समोर पाच-सहा बाया शेंगा सोलत होत्या. त्यातल्या एकीने सहज सूर धरला आणि बाकीच्यांनी खालून उचलला, शेंगा सोलायचे हात न थांबवता. रातकिड्यांसारखं काहीतरी सुरात होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी लहानपणी ऐकल्यात, हात कामात असताना येणारं गाणं मला ओळखता येतं. गाणं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून खुणेने विचारलं, आता तू. मी दोन ओव्या म्हटल्या. त्यांनी पुढ्यातल्या मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या.

स्थानकाला जायची बस दुपारी सव्वाला पकडली. वेळापत्रक बदलत असतं, आदल्या रात्रीच घरमालकांना विचारून ठेवा, आणि गाडीच्या दीड तास आधी गाव सोडा.