तुम्ही विचारलंत म्हणून: भीती वाटते, पण लाटांची नाही

मुलांना घेऊन एवढ्याशा शिडाच्या बोटीतून बेटांवर जाता, भीती नाही वाटत? हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, आला म्हणून. आणि गंमत म्हणजे तो मलाच विचारतात. नवरा शेजारी उभा असतो, त्याला विचारतात बोट किती फुटी आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं. असो. तर उत्तर असं की वाटते, चांगली वाटते, पण तुम्हाला ज्याची वाटते त्याची नाही.

तुमच्या डोळ्यासमोर काय येतं ते मला माहितीये, लाट आली, बोट कलली, उलटली, खेळ खल्लास. बोट पहिल्यांदा कलते तेव्हा पोटात गोळा येतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कीलवाली बोट कलते ती कलायलाच बांधलेली असते. पाण्याखाली माशाच्या कल्ल्यासारखा जो जड भाग असतो ना, कील, लोखंडाचा नाहीतर शिशाचा, त्यात पुष्कळदा बोटीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वजन असतं, त्यामुळे बोट जसजशी कलते तसतसं ते वजन तिला परत उभं करायला जोर लावतं, आणि तिकडे वर शीड आडवं होत गेल्यामुळे त्याला वाराही कमी लागतो. 15-20 अंश कललेली बोट म्हणजे नीट काम करणारी बोट. (हे डिंगीला, म्हणजे जड कील नसलेल्या छोट्या उघड्या बोटीला, लागू नाही हां, डिंगी उलटते, आणि तिच्यात शिकताना उलटून परत सरळ करायला मुद्दाम शिकवतात.)

छोटी बोट म्हणजे धोका हेही तसं खरं नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला तो 32 फुटी सुहैलीतून, आणि ती मुंबईत बांधलेली बोट होती. 312 दिवस. अर्थात त्याच्याबरोबर दर वीस मिनिटांनी 'आलं का बेट' विचारणारं कोणी नव्हतं.

मग भीती कशाची? पहिली, सोमवारची.

खरंच सांगते. जवळच्या बेटांवर जाणारी कुटुंबं अडचणीत येतात ती अचानक आलेल्या वादळात फार कमी, बहुतेक वेळा अंदाज आधीच आलेला असतो, फक्त सोमवारी ऑफिस असतं, शाळा असते, कोणाला तरी शब्द दिलेला असतो, म्हणून 'एवढं काही नाही, जाऊ आपण' असं म्हणत नांगर उचलला जातो. म्हणून आमच्याकडे परतीचा दिवस कधीच सुट्टीचा शेवटचा दिवस नसतो, मागे एक दिवस मोकळा ठेवायचाच. दोन दिवस असतील तर एकच रात्र जवळच्या जवळ, लांबचं बेट नाही. नातेवाइकांना सांगताना पण 'रविवारी संध्याकाळी येऊ' असं सांगत नाही, 'रविवारी नाहीतर सोमवारी, इतक्या वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर कोस्ट गार्डला कळवा' असं सांगतो, म्हणजे तिकडे कोणी उगाच घाबरत नाही आणि इकडे आम्ही उगाच घाई करत नाही.

आणि अंतराचा हिशोब. नकाशावर बेट 12 सागरी मैल दिसतं, म्हणजे 22 किलोमीटर, गाडीच्या सवयीने वाटतं हे काय अर्ध्या तासाचं काम. तर 24 फुटी बोटीची पाण्यावरची लांबी साधारण 20 फूट धरली तर तिचा वरचा वेगच 6 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास येतो, ताशी 11 किलोमीटर, आणि घरच्यांना घेऊन प्रत्यक्षात सरासरी पडते 4 नॉट. म्हणजे तीन तास. हे वारा बरा असेल तर. वारा नेमका बेटाकडूनच येत असेल तर सरळ जाताच येत नाही, 45 अंशात आडवं-तिडवं जायचं, मग 12 चे होतात 17 मैल, वर लाटा तोंडावर, आणि मुलं केव्हाचीच कंटाळलेली. मी मैलांत विचार करणं सोडलंय, आमच्यातलं सगळ्यात लहान माणूस किती तास टिकेल तेवढ्या तासांवरचं बेट.

यातलीच एक फसवी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. 15 नॉटचा वारा पाठीमागून आणि बोट 5 नॉटने चाललीये तर अंगाला वारा लागतो फक्त 10 नॉटचा. किती छान, किती शांत, मुलं पाय सोडून बसलीयेत, आणि आपण पुढे पुढे चाललोय. तोच वारा परतताना समोरून आला की अंगावर 18-19 नॉटचा येतो, पाणी उडतंय, बोट कललीये, सगळे गप्प. वारा काडीचाही वाढलेला नसतो! त्यामुळे जमेल तेव्हा जाताना वाऱ्याच्या उलट जायचं आणि परतीचा रस्ता सोपा ठेवायचा. दमलेली माणसं परत येताना असतात.

एकदा बेट इतकं जवळ आलं होतं की झाडं वेगवेगळी दिसत होती, आणि आम्ही वळलो. बेटांमधल्या फटीतून ओहोटीची ओढ बाहेर येत होती आणि वारा तिच्या नेमका समोरून, असं झालं की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट चढते आणि धप्पकन पडते. तासा-दोन तासांत ओढ मंदावली असती, पण मग अंधारात अनोळखी ठिकाणी नांगर टाकायला लागला असता. मोठी लेक काही बोलली नाही, नुसतं बेटाकडे बघत राहिली, धाकट्याने मात्र 'चीटिंग आहे ही' असं जाहीर केलं. मग वारा पाठीशी आला, लेकीने सुकाणू घेतलं आणि आम्ही अलीकडच्या खाडीत शिरलो, जी आम्ही निघायच्या आधीच नकाशावर खूण करून ठेवली होती. प्रत्येक बेटासाठी एक असं दुसरं ठिकाण ठरलेलं असतं, आणि ते मुलांना निघण्याआधीच सांगितलेलं असतं, नाहीतर वळणं म्हणजे शिक्षा वाटते त्यांना.

शीड लहान करायचं, रीफ करायचं, ते कधी, हाही एक भांडणाचा विषय. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, दुप्पट नाही, म्हणून 10 नॉटला मजा वाटणारं शीड 20 ला अंगावर येतं. मुलं बरोबर असतील तर आम्ही धक्क्यावरच रीफ करून निघतो, नको वाटलं तर नंतर सोडायला दोन मिनिटं लागतात, पण उसळत्या पाण्यात डोलकाठीपाशी जाऊन बांधायला कोणाला तरी कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची सुरक्षित जागा, सोडून जावं लागतं. नवऱ्याचं मत वेगळं आहे. त्याचं मत त्याला लखलाभ.

अंदाज वाचताना पण एवढं लक्षात ठेवा की 'लाटा 1 मीटर' म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येणारच. आणि वाऱ्याचा आकडा पण सरासरीचाच असतो, झोत त्याच्या वर.

दुसरी भीती, आणि ही खरी, रात्री जाग आणणारी, कोणीतरी पाण्यात पडणं. बोट बुडणं नाही, माणूस पडणं. 5 नॉटने जाणारी बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. दीडशे मीटरवर, लाटांमध्ये, एक डोकं. करून बघा, एक फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात तो फुगा, टाका पाण्यात आणि एक मिनिट दुसरीकडे बघा. म्हणून आमच्याकडे याबाबत लोकशाही नाही: केबिनच्या दारातून बाहेर यायच्या आधी लाइफजॅकेट, मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं, आणि वारा वाढला की हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचा पट्टा, दोरीने बोटीला अडकवलेला. मोठ्यांनाही तेच. आईबाप जॅकेट न घालता फिरतायत आणि मुलांवर ओरडतायत हे मी इतक्या बोटींवर बघते की विचारू नका. अरे, तुम्ही पडलात तर परत वळवून आणणार कोण, सात वर्षांचा पोरगा?

तरी त्यालाही थोडं शिकवलंय. कोणी पडलं तर मोठ्याने ओरडायचं आणि हाताचं बोट रोखून त्या माणसाकडे बघत राहायचं, काहीही झालं तरी नजर हटवायची नाही, बाकी कामं दुसरे करतील. लेकीला रेडिओ येतो, संकटात हाक द्यायचं चॅनल 16, बोटीचं नाव, आपण कुठे आहोत ते, किती माणसं. रेडिओवर उगाच बोलायचं नाही हेही तिला माहितीये, पण खऱ्या संकटात लहान मुलाने बटण दाबलं म्हणून कोणी रागवत नाही. ओलं, दमलेलं माणूस पाण्यातून वर घेणं हे सगळ्यात अवघड काम आहे, बोट परत आणण्यापेक्षाही, त्यामुळे शिडी अशी हवी जी पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उघडता येईल. बोट घेताना लोक गाद्या बघतात, शिडी बघत नाहीत.

तिसरी म्हणजे नांगर. दिवसभराच्या सफरीची मला भीती नाही, रात्रीच्या झोपेची आहे. इथे गणित सोपं आहे पण लोक चुकीचा आकडा धरतात. समजा पाणी 3 मीटर आहे आणि नांगराला दोर आहे, पुढे थोडी साखळी, तर सातपट सोडायचा, म्हणून 21 मीटर सोडतात आणि झोपतात. पण भरतीने पाणी अजून 2 मीटर चढणार, आणि दोर पाण्याच्या पातळीपासून नाही, बोटीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून सुटतो, ती पाण्याच्या वर 1 मीटर. म्हणजे 6 मीटरचे सातपट, 42. अर्ध्यावर झोपलात की तुम्ही! अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फरक अजून वाढतो, आणि भरतीचं पाणी काही एका चालीने चढत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच साधारण अर्धं चढून जातं.

मग इंजिन रिव्हर्सला टाकून नांगर तळात नीट रुतवायचा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, मागचं झाड आणि पुढचा खडक असं काहीतरी, आणि त्या हलतायत का बघत बसायचं. फोनमध्ये अलार्म लावतोच, पण मी त्याच्यावर विसंबत नाही. पुढे जाऊन दोरावर तळवा ठेवला की कळतं, नांगर धरून असेल तर दोर ताणतो आणि सैल होतो, ताणतो आणि सैल होतो, आणि घसरत असेल तर खालून खरखर हाताला येते, गरगर थरथर, एकदा जाणवली की विसरत नाही. संध्याकाळी आडोसा छान होता म्हणून रात्रीही असेल असं नाही, दिवसाचे खारे वारे पडतात आणि रात्री जमिनीवरून मतलई सुटतात, बोट नांगराभोवती अर्धं वर्तुळ फिरते आणि जो खडक समोर होता तो आता मागे. झोपण्यापूर्वी चारही बाजूंना बघून ठरवायचं, वारा इकडून आला तर आपण कुठे असू.

बाकी जे विचारता, मुलांना बोट लागत नाही का, तर लागते. अगदी लहान, दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा नाही, त्यानंतर शाळेच्या वयात भरपूर. गोळी निघायच्या आधी द्यावी लागते, ओकारी सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि ती डॉक्टरला विचारून. खाली केबिनमध्ये मोबाइल बघत बसलेलं मूल आधी आडवं होतं. त्याला वर आणा, क्षितिजाकडे बघायला लावा, हातात सुकाणू द्या, सुकाणू धरलेल्याला सगळ्यात कमी लागते, का ते सोपं आहे, बोट आता कुठे वळणार ते शरीराला आधीच माहीत असतं. टॉयलेटचा प्रश्न पण विचारता सगळे, हळू आवाजात. पंपाचं आहे, छोटं आहे, आणि कसं वापरायचं ते पाहुण्यांना धाकटा समजावून सांगतो, नको इतक्या तपशिलात.

आणि तुम्हाला जायचं असेल तर बेट राहू द्या सुरुवातीला. घरच्या धक्क्यापासून तासाभरावर एखादी आडोशाची जागा बघा, वारा 10 नॉटच्या खाली असलेला दिवस धरा, उजेडात पोचा, नांगर टाका, तिथेच जेवा, तिथेच झोपा. सकाळी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा परत यायचंय का, एकत्र विचारलंत तर सगळे हो म्हणतात.