आठशेचा पाईप

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत आमचं टर्बो रिपेरिंगचं दुकान आहे. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. गोष्ट 2025 च्या जुलैतली. सोमवार, बाहेर धो धो पाऊस, गाड्या उशिरा. अशा दिवशी गिऱ्हाईक येत नाही, म्हणून भाच्याचं भाषण निवांत चाललं होतं. तो डिप्लोमाला आहे, सुट्टीत माझ्याकडे हात काळे करायला येतो. फिया, म्हणजे मोटार रेसिंगची जागतिक संघटना. तिचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायम यांनी त्या वर्षी फॉर्म्युला वन रेसमध्ये व्ही-10, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, परत आणायचा विषय काढला होता आणि भाचा त्यावर खूश होता.

"मामा, साधं इंजिन, स्वस्त इंजिन, आणि आवाज बघ!"

तेवढ्यात पेणचे एक मिनीबसवाले शेठ पिशवीतून टर्बो घेऊन आत आले. आठ महिन्यांतला तिसरा. पहिले दोन दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बदलून दिले होते.

मी बोटाने शाफ्ट हलवला. लटलट हलत होता, इम्पेलरची पाती हाउसिंगला घासून बोथट झालेली. खोलला तर शाफ्ट बुशच्या जागी निळा पडलेला. निळा शाफ्ट म्हणजे तेल पोचलं नाही, यात दुसरं काही शोधायचं नसतं. नशिबाने फिटरने ऑइलचा पाईपही टर्बोसोबतच काढून दिला होता.

"पाईप बदलावा लागेल, शेठ."

"त्याला काय धाड भरलीय? कार्ट्रिज टाका, तेपण स्वस्तातलं."

कार्ट्रिज म्हणजे टर्बोच्या आतला शाफ्ट-पात्यांचा गाभा. स्वस्तातलं ऐकून भाच्याला बहुतेक वाटलं, शेठ आपल्याच बाजूचे. त्याने त्यांनाही व्ही-10 समजावायला घेतलं. मला राहवेना. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डनकडून उतरला तेव्हापासून मी ही रेस बघतोय. 3 लिटरचे व्ही-10 गेले, 2006 ला 2.4 लिटरचे व्ही-8 आले, 2014 ला 1.6 लिटरचा व्ही-6 टर्बो, हायब्रिडसकट. खरं सांगायचं तर माझा जीव त्या टर्बोतच अडकलाय. वेगाचं कौतुक नाही. छोट्या डिझेल कारचा टर्बो मिनिटाला दीड लाखाच्या वर फिरतो, तिथे 2014 च्या नियमाने मर्यादा सव्वा लाख फेऱ्यांची होती. पण त्याच शाफ्टवर त्यांनी मोटर-जनरेटर बसवला, एमजीयू-एच. मर्सिडीजने तर हवा कोंबणारा कॉम्प्रेसर इंजिनच्या एका टोकाला, धुराने फिरणारा टर्बाइन दुसऱ्या टोकाला ठेवला आणि मधून लांब शाफ्ट काढला. आमचा शाफ्ट वीतभरही नसतो, तरी बॅलन्सिंग मशीनवर नट किसकिसून माझी मान जाते. तेवढा लांब शाफ्ट सव्वा लाखाला गप्प ठेवायचा म्हणजे काय, हे ज्याने हाताने बॅलन्सिंग केलंय त्यालाच कळेल.

"पण महाग," भाचा म्हणाला.

महागच. खर्च कमी व्हावा म्हणून नियम केले, ते मी त्याला मोजून दाखवले. 2014 ला एका ड्रायव्हरला हंगामात पाच इंजिनं, पुढे 2018 ला तीन. इंजिनं कमी, म्हणजे खर्च कमी, असं कागदावर दिसतं. पण तीनच इंजिनं हंगामभर पुरवायची तर ती आधी टेस्ट बेंचवर महिनोन् महिने घासावी लागतात. पैसा गाडीतून निघाला आणि बेंचवर जाऊन बसला. ज्यांचं इंजिन टिकलं नाही त्यांना सुरुवातीच्या रांगेत मागे ढकलायची शिक्षा. 2015 च्या बेल्जियममध्ये होंडाचं इंजिन असलेल्या मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून 105 जागांचा दंड लागला. रांगेत गाड्या वीस! मला हे अजून हसायला येतं. मागे जायला जागाच नाही आणि दंड लावतायत.

शेवटी शहाणपण सुचलं तेव्हा भाग मोजण्यासोबत सरळ पैशालाही झाकण लावलं. इंजिन बनवणाऱ्यांना 2023 पासून वर्षाला साडेनऊ कोटी डॉलर, 2026 पासून 13 कोटी. आणि एमजीयू-एच काढून टाकलाय. त्याचं ज्ञान नसलेल्या नव्या कंपन्यांना आत यायचं तर तो अडसरच होता. ऑडी आली ती त्यानंतरच. मला वाईट वाटलं, पण पटलं.

"व्ही-10 आणलं तरी पैसा कुठेतरी दुसरीकडे निघेल," मी म्हटलं. "झाकण नसेल तर."

बोलता बोलता मी पाईप व्हाइसला लावून वरून डिझेल ओतलं. खालून धार यायला हवी, थेंब थेंब टपकत होतं. बारीक तार घातली तर काळे जळके खडे भांड्यात पडले, चहापत्तीसारखे. शेठ खाली वाकून बघत राहिले.

"म्हणजे ते दोन्ही टर्बो…"

"ह्याच्यामुळेच गेले."

त्यांच्या तोंडून गॅरेजवाल्याचा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. कार्ट्रिज चौदा हजारांचं, पाईप आठशेचा. पाईपाला हो म्हणाले, ऑइल आणि फिल्टरही बदलून घेतो म्हणाले. मग अर्थात लेबरवर घासाघीस सुरू झाली. ती चहा येईपर्यंत चालली आणि मी तीनशे सोडले.

पिशवी उचलताना ते माझ्याकडे वळले.

"ते 13 कोटी डॉलर म्हणालात, आपले किती झाले?"

"हजार कोटींच्या वर."

"आणि त्यात लेबर धरलंय, का ते वेगळं?"