ऑर्गोत सी मिळाली, कोर्स परत घ्यायचा का?

अमेरिकेत प्रीमेड, म्हणजे मेडिकल प्रवेशाआधीचे कॉलेजचे विषय करणाऱ्या मुलांचे आईवडील सेमिस्टर संपून ग्रेड्स लागल्या की हमखास विचारतात : "ऑरगॅनिक केमिस्ट्रीत, म्हणजे ऑर्गोत, सी मिळाली. मेडिकलला जायचंय. कोर्स परत घेऊ दे का?" विचारतानाच उत्तर 'हो' असं धरलेलं असतं, कारण डोक्यात आपल्याकडची पद्धत असते. नीटला कमी मार्क पडले, वर्षभर ड्रॉप घेतला, लातूरला रिपीटर बॅचला बसवलं, पुढच्या वर्षी नवे मार्क आले. प्रवेशाच्या यादीत जुन्या मार्कांना कुणी विचारत नाही. अमेरिकेत जुनी ग्रेड पुसली जात नाही, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

एमडी ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या कॉलेजांचे बहुतेक अर्ज ॲमकास या अर्जसेवेमार्फत जातात. ॲमकास जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी (ए म्हणजे ४, बी ३, सी २), स्वतः नव्याने काढते. युनिव्हर्सिटीने जुनी ग्रेड आपल्या जीपीएतून वगळली असली, तरी ॲमकास दोन्ही ग्रेड्स धरते. डीओ (ऑस्टिओपॅथिक) ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. तरी "डीओला चालतं" असं ठासून सांगणारे काका प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक तरी असतातच.

आता हिशेब मांडू. ॲमकास एकूण जीपीएखेरीज बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा सायन्स जीपीए काढते. समजा मुलीचे सायन्सचे ४८ क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे कोर्सच्या वजनाचं माप) झालेत. त्यातला ४ क्रेडिट्सचा ऑर्गो सी, म्हणजे २.०, बाकी ४४ क्रेडिट्सची सरासरी ३.६. एकूण गुण १६६.४, भागिले ४८, सायन्स जीपीए ३.४७. कोर्स परत घेऊन ए मिळाली, तर १८२.४ भागिले ५२, म्हणजे ३.५१. घरच्यांना वाटत असतं की सी जाऊन ए येईल आणि आकडा ३.६३ होईल. तो होत नाही.

त्याच ४ क्रेडिट्समध्ये तिने ऑर्गो परत न घेता बायोकेमिस्ट्री घेतली आणि त्यात ए मिळवली, तरी उत्तर ३.५१ च येतं. गणिताला दोन्ही सारखेच. फरक इतका की बायोकेमिस्ट्रीत नवा विषय शिकून होतो. एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या बायॉलॉजीच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या अशा दोन्ही विभागांत साधारण २५ टक्के भाग पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीचा असतो. ऑर्गोचा वाटा एका विभागात १५ टक्के, दुसऱ्यात जेमतेम ५. आणि परत घेतलेल्या ऑर्गोत बी मिळाली तर? १७८.४ भागिले ५२, म्हणजे ३.४३. कष्ट, फी, एक सेमिस्टर, सगळं घालून आकडा खाली.

म्हणून निखळ सी असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. पुढचा, वरच्या पातळीचा कोर्स घ्या आणि तिथे ए काढून दाखवा. ऑर्गोत सी आणि नंतर बायोकेमिस्ट्रीत ए, हे वाचणाऱ्याला त्याच ऑर्गोच्या दुसऱ्या खेपेतल्या ए-पेक्षा जास्त पटतं. दुसऱ्या खेपेला ए मिळणं अपेक्षितच असतं.

सी मायनस, डी किंवा एफ असेल तर मात्र चर्चा नको, कोर्स परत घ्यायचा. बरीच मेडिकल कॉलेजं आवश्यक विषयांत किमान सी मागतात, १.७ ची सी मायनस तिथे धरत नाहीत. काही कॉलेजं ऑर्गोच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात, तेव्हा आधी यादीतल्या कॉलेजांच्या अटी वाचा. लॅब हा वेगळा कोर्स असेल आणि त्यात ग्रेड ठीक असेल, तर ती सहसा परत करावी लागत नाही.

एक अपवाद सी-लाही आहे. ऑर्गो एकमध्ये सी आहे, ऑर्गो दोन अजून घ्यायचाय आणि पायाच कच्चा आहे. तो कच्चा आहे का, हे ग्रेडवरून कळत नाही. फायनलचा पेपर प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्समध्ये बघायला मागा आणि मार्क कुठे गेले ते लिहून काढा : मेकॅनिझम (अभिक्रिया पायरीपायरीने कशी होते), स्टिरिओकेमिस्ट्री (रेणूची त्रिमितीय रचना), एनएमआर (रेणूची रचना ओळखायची पद्धत), की शेवटचे प्रश्न वेळेअभावी कोरेच राहिले? वेळ कमी पडला किंवा दोन आठवडे आजारपणात गेले, तर पाया ठीक असू शकतो. मेकॅनिझममध्ये गेले असतील तर सावध व्हा.

घरच्या घरी एक चाचणी घेता येते. पुस्तक बंद करून विचारा : २-ब्रोमो-२-मिथिलप्रोपेन, इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइड, वर थोडी उष्णता, मुख्यतः काय तयार होईल? पाठांतर केलेलं मूल ब्रोमीन काढतं, त्या जागी इथॉक्सी लावतं आणि इथर लिहून मोकळं होतं. समजून केलेलं मूल थांबतं. ब्रोमीन असलेल्या कार्बनला तीन मिथिल चिकटलेत, मागून शिरायला वाव नाही, म्हणजे एसएन२ (मागून शिरून ब्रोमीनची जागा घेणारी अभिक्रिया) नाही. इथॉक्साइड तगडा बेस आहे, तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढणार. ई२ (हायड्रोजन आणि ब्रोमीन एकदम निघणारी अभिक्रिया) होऊन २-मिथिलप्रोपीन. उत्तर चुकलं तरी चालेल, पण 'का' सांगता आलं पाहिजे. अशा दहा प्रश्नांपैकी सहा-सातांत 'का' येत नसेल, तर कार्बोनिलच्या रसायनाने भरलेला ऑर्गो दोन डोक्यावरून जाणार. तिथे आधी सुट्टीत पहिल्या सेमिस्टरची प्रकरणं स्वतः सोडवून काढा, तरीही जमत नसेल तरच कोर्स परत घ्या. त्याआधी युनिव्हर्सिटीचा नियम बघा. सी मिळवून पास झालेला कोर्स काही ठिकाणी परत घेऊच देत नाहीत.

परत घ्यायचं ठरलं की दोन मोह होतात. पहिला उन्हाळी कोर्सचा. पंधरा आठवड्यांचा अभ्यास पाच-सहा आठवड्यांत कोंबलेला असतो. मेकॅनिझम मुरायला वेळ लागतो, आणि ज्याला एकदा जड गेलं त्याला हा वेग मारतो. दुसरा मोह कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा. फी कमी, हे खरं, आणि अनेक मेडिकल कॉलेजं ते चालवूनही घेतात. पण बाकी सगळं युनिव्हर्सिटीत आणि नेमका अवघड विषय तेवढा बाहेर, हे नजरेत भरतं. लपवायची सोय नाही : बारावीनंतर अमेरिकेत जिथे जिथे शिकलात, त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) ॲमकासला लागते, आणि जुना कोर्स अर्जात भरला नाही तर पडताळणीत अर्ज अडकतो.

नेहमीच्या सेमिस्टरला घ्या, आणि सोबत फिजिक्स व बायॉलॉजी अशा दोन लॅबचे कोर्स लावू नका. दुसऱ्या खेपेलाही सेमिस्टरच्या मध्यावर डीची लक्षणं दिसली, तर मुदतीच्या आत डब्ल्यू घ्या, म्हणजे कोर्स सोडा. डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर दिसते, जीपीएत धरली जात नाही. एखादी चालून जाते, ओळीने तीन असल्या की प्रश्न पडतात. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी मात्र कोर्स सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात जायचं. परवानगीशिवाय १२ क्रेडिट्सच्या खाली गेलं तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

सरकारी फायनान्शियल एड घेत असाल तर आणखी एक पेच आहे. एडच्या नियमांत एफच्या वरचं सगळं पास, म्हणजे डीसुद्धा. पास झालेला कोर्स एडच्या हिशेबात एकदाच परत धरतात. तिसऱ्यांदा घेतलात, तर ते क्रेडिट्स फुल-टाइम धरण्यात मोजले जात नाहीत आणि एड कमी होऊ शकते.

वेळेचं गणितही आधीच जुळवा. ॲमकासचे अर्ज साधारण मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला स्वीकारायला लागतात. परत घेतलेल्या कोर्सची ग्रेड त्या वर्षीच्या स्प्रिंग (जानेवारी ते मे) सेमिस्टरपर्यंत लागलेली हवी. अर्ज गेल्यावर फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरमध्ये मिळवलेली ए त्या अर्जाच्या जीपीएत येत नाही. फार तर कॉलेजांना वेगळी कळवता येते, तीही जी घेतात त्यांनाच. ग्रेड तोवर लागणार नसेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला.