लाल रंग नेमका कोणता?

आज भुसावळला प्लॅटफॉर्मवर तासभर फक्त एका इंजिनाचा रंग पाहत उभा होतो. घरी सनबोर्डाचं (फोमच्या हलक्या पुठ्ठ्याचं) डब्ल्यूएपी-४ या विजेच्या इंजिनाचं मॉडेल करतोय, १:८७ मापात (खऱ्यापेक्षा ८७ पट लहान), साधारण साडेएकवीस सेंटिमीटर लांबीचं. सगळं जमलं, लाल रंगाशी आठवडाभर भांडण चालू होतं. रंगवलेला पुठ्ठा खिशात घेऊन गेलो आणि इंजिनाशेजारी धरला. वरचा लाल उन्हाने विटलेला, क्रीम पट्टा मळका, खाली चाकांजवळ ब्रेकच्या धुळीने सगळं तपकिरी. म्हणजे माझा रंग चुकला नव्हता, नवाकोरा होता!

लोको पायलट काका खिडकीतून म्हणाले, "काय पाहून राहिला रे भो?" पुठ्ठा दाखवला. त्यांनी नीट निरखला आणि म्हणाले, "बीएसएल लिहिजो बरं, आपल्या शेडचं आहे." बीएसएल म्हणजे भुसावळ शेडची खूण. मन भरून आलं.

रुळांचं दुखणं मात्र कायम. मॉडेलसाठी मिळणाऱ्या तयार रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला या मापात १९.३ तरी हवं. गंमत म्हणजे पाचोरा-जामनेरची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज ९ मिलिमीटरच्या तयार रुळांवर जवळजवळ बरोब्बर बसते. पुढचं मॉडेल पीजेचंच, म्हणजे या पाचोरा-जामनेर गाडीचंच. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून केलेला तो प्रवास अजून अंगात आहे.

रात्री पातळ तपकिरी रंगाचा हात मारला. आता दिसतंय भुसावळचं.