पाठमोरी फुलं

खिडकीबाहेर फुलझाडं लावणारा माणूस मला जरा जास्तच उदार वाटतो. कारण ती फुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. रोप उजेडाकडे वळतं. देठाच्या सावलीतल्या बाजूला ऑक्सिन नावाचं संप्रेरक जास्त साठतं, तिथल्या पेशी अधिक लांबतात आणि देठ बाहेर झुकतो. बघता बघता सगळा ताटवा रस्त्याकडे तोंड करून उभा. घरमालकाच्या वाट्याला देठ आणि पानांच्या फिकट पाठी. पाणी यानं घालायचं, किडे यानं वेचायचे आणि बघून खूश व्हायचं कुणी, तर खालून जाणाऱ्या परक्या माणसानं.

पडद्यांच्या बाबतीत आपण बरोबर उलटे वागतो. नक्षी आत, अस्तर बाहेर. कापड निवडताना घरात वादविवाद झडतात, पण रस्त्यावरून दिसते ती उलटी शिवण. सगळ्या खिडक्यांना एकाच रंगाचं अस्तर लावलं, तरी घर बाहेरून एकदम नीटनेटकं दिसतं. पण अस्तराचा रंग निवडायला वेळ आहे कुणाला!

मुळात आपली खिडकी बाहेरून कशी दिसते, हे आत बसून कळतच नाही. दिवसा आपल्यासाठी काच म्हणजे उजेड. बाहेरून तीच काच काळी, कारण आतली खोली उन्हापेक्षा कितीतरी अंधारी असते. म्हणून चौकटीला गडद रंग दिला की ती काचेत विरून जाते आणि भिंतीला नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं. भोवती फिकट रंगाची रुंद पट्टी ओढली की तीच खिडकी ऐसपैस दिसू लागते. खर्च फारसा नाही. कष्ट मात्र जुने पापुद्रे खरवडण्यात आणि पॉलिश पेपर मारण्यात आहेत. ते टाळून वरच्यावर ब्रश फिरवला, तर नवा रंग जुन्या पापुद्र्यांसकट सुटतो.

शोभेच्या झडपांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. झडप मिटली की खिडकी झाकली गेली पाहिजे, म्हणजे प्रत्येक झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची हवी. चार फुटी खिडकीच्या दोन्ही अंगांना फूट-फूटभर फळ्या स्क्रूने आवळल्या, की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

अर्थात निव्वळ दिखाऊ खिडक्यांचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये 1696 ते 1851 पर्यंत खिडक्या मोजून कर घेत. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. पण तिथल्या प्रत्येक बंद खिडकीचं खापर त्या करावर फोडता येत नाही. काही मुळातच बंद बांधलेल्या आहेत, दर्शनी भिंतीचा तोल साधावा म्हणून! काहींवर तर चौकट आणि काचाही रंगवलेल्या. आतल्या माणसाला ना उजेड, ना वारा.

असो. फुलांच्या पेटीचं वजन मात्र कुणी मनावर घेत नाही. तीन फूट लांब आणि वीतभर रुंद-खोल पेटीत भिजलेली माती सहज तीस किलोच्या वर जाते. ती भिंतीत पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटवरच हवी. फुलं परक्या माणसासाठी असली, तरी ती त्याच्या डोक्यात पडावीत असा हेतू नसतो. पेटी आणि भिंतीमध्ये बोटभर फट ठेवावी, नाहीतर ओल धरते. खिडकीच्या खालच्या बाहेरच्या पट्टीला बाहेर उतार हवा आणि तिच्या पोटाला एक बारीक खाच. खाच नसली की थेंब खाली पडायच्या ऐवजी पट्टीच्या पोटाला चिकटून मागे सरकतो आणि भिंतीवर उतरतो. दोन्ही कोपऱ्यांखाली काळे ओघळ उमटतात, अन् मग वर कितीही बहर असो, लक्ष ओघळांकडेच जातं.

रंगांचंही एक गणित आहे. लाल फुलं भर दुपारी सगळ्यांवर मात करतात, पण अंधारू लागलं की आधी तीच काळवंडतात. मंद उजेडात आपल्या डोळ्याला तांबडा रंग नीट दिसत नाही, निळा त्या मानाने उजळ वाटतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे 19व्या शतकात नोंदवलं. त्यामुळे घरासमोरची वर्दळ संध्याकाळची असेल, तर पांढरी फुलं लावावीत. लाल हवीच असतील, तर आत टेबलावर दिव्याखाली ठेवावीत, हवी तितकी.